दोष कोणाकडचा?

१० मार्च २०१९, सकाळचे साडेदहा. लोधीपुऱ्यातल्या सरुबाईंच्या घरी, त्यांच्या सुनेच्या, निर्मलाच्या, पोटातल्या बाळाचा निकाल लावायला सात शहाणी माणसे जमली होती. निर्मलाचा मोठा मुलगा जन्मतः बहिरा होता. तो इतर मुलांसारखाच शाळेत जातो, याचे त्यांच्यापैकी कोणालाही अप्रूप नव्हते. गर्भाच्या तपासणीत दुसरे बाळही तसेच दिसले तर पाडून टाकायचे, असे निर्मलाला न विचारताच ठरले.

डॉक्टरांनी मात्र, बहिरेपण कोणाकडून येते ते पाहायला, आधी सासर-माहेर दोन्हीकडच्या माणसांचे रक्त मागितले होते.

"आमचं कायले? आमच्या खानदानात सगळ्यांचे कान शाबूत आहेत. ही खराबी हिच्या माहेरची!" सरुबाई फणकारल्या. निर्मलाचा नवरा प्रकाश मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता.

निर्मलाने पदर सावरला. "आत्या, माझे वडील तुमचे सख्खे भाऊ. तुम्हीच हौसेने भावाची लेक सून करून आणली. माझं माहेर तेच तुमचं माहेर."

सरुबाई सर्वांवरच खेकसल्या, "जाऊ द्या ते रक्तबिक्त! देवानं दिलेल्या लेकराची कसली जाँच करता?"



तपासणी झालीच नाही. ऑगस्टमध्ये निर्मलाला मुलगी झाली. वजन दोन किलो नऊशे ग्रॅम.