घराजवळचा वर्ग

नर्सिंगच्या वर्गातून नाव काढून घ्यायला म्हणून व्हर्लिन कॉलेजात आली होती. विद्यार्थ्यांचा सल्लागार ट्रेंट याच्या खोलीत तिने पाऊल टाकलं, तोच तो खुर्चीतून उठला. "व्हर्लिनबाई! या, या. अहो, सापडला तुमचा वर्ग!"

मंगळवारीच तिने नवऱ्याला, डॉयलला, टेकडीवर त्याच्या आईशेजारी पुरलं होतं. या डोंगरात माणूस गेला की सकाळी रेडिओवर त्याचं नाव वाचतात आणि दुपारपर्यंत दारात शेजाऱ्यांच्या जेवणाची भांडी येऊन पडतात. पण ट्रेंट पलीकडच्या जिल्ह्यात राहायचा. तिकडच्या रेडिओवर तिकडचेच मेलेले.

"शांतपणे ऐका हं," तो म्हणाला. "इथला दिवसाचा वर्ग तुम्हाला नाही जमत, डॉयलला एकटं कोण सोडणार! संध्याकाळचा हायस्कुलात भरतो, पण तिथले जिने चढता चढता त्यांचा जीव मेटाकुटीला येईल. घरबसल्या शिकावं, तर तुमच्या घळीत नेटवर्कच्या नावानं बोंब."

खरंच होतं ते. डॉयलची शुश्रूषा नीट करता यावी म्हणून तिने उतारवयात नर्सिंगला नाव घातलं, आणि मागचं सत्र वाचनालयाबाहेर गाडी उभी करून तिथल्या वायफायवर काढलं. शेजारी डॉयल, पायाशी त्याचं ऑक्सिजनचं सिलिंडर. कोळशाच्या खाणीने त्याची फुप्फुसं खाल्ली, जीभ तेवढी शाबूत ठेवली. "डावं फुप्फुस लहान का असतं?" असं बाईंनी विचारलं, तर हा माईकमध्ये ओरडला, "कंपनीनं पगारातून कापलं!" सगळा वर्ग हसला होता. पण सिलिंडर संपत आलं की तास टाकून घरी पळावं लागे. त्यातच ती नापास झाली.

"आता खरी गंमत," ट्रेंट पुढे झुकला. पोरगं नुसतं फुललं होतं. "तुमच्या वळणावरचं अग्निशमन केंद्र! महिनाभर मागे लागलो त्यांच्या. मोठा पडदा, चांगलं इंटरनेट आणि कोपऱ्यात डॉयलच्या ऑक्सिजनच्या मशीनसाठी वेगळा प्लग. आरामखुर्चीसुद्धा टाकतायत. घरापासून हाकेच्या अंतरावर. बोला आता!"

व्हर्लिनला रडू फुटलं. त्याला वाटलं, आनंदाचं. त्याने कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला.

"अहो, रडताय काय? डॉयल हसतील तुम्हाला."

"पोरा, डॉयल गेला रे. मंगळवारी पुरला त्याला."

ट्रेंट खुर्चीत बसला. हळूच म्हणाला, "व्हर्लिनबाई, मला ठाऊकच नव्हतं हो. तुमचं नाव... काढू का मी?"

त्यासाठीच तर ती आली होती. हो म्हणायचं आणि घरी जायचं, एवढंच होतं. घरी ते मशीन आता बंद होतं. त्याच्या घरघरीला शिव्या घालत तिने वर्षं काढली होती, आणि आता त्या घरात तिला घटकाभर बसवत नव्हतं.

तिने तोंड पुसलं.

"यातला घरापासून सगळ्यात लांबचा वर्ग कुठला आहे?"