अर्धा निकाल

ज्यूरीच्या खोलीत खुनाचा पुरावा म्हणून ठेवलेला वरवंटा दिवेकरमास्तरांनी उचलून पाहिला. "तुळसाने दिराला तीन घाव घातलेत. अपघात तीनदा होत नाही."

"पण त्याने तिच्या लेकीवर हात टाकला होता," ज्यूरीचे फोरमन नगरकरशेठ म्हणाले. "दोषी म्हटलं तर बाई फासावर जाईल, मास्तर. अपघातच म्हणू."

"दोषीच लिहा आणि खाली दयेची शिफारस जोडा. ती जज्जसाहेबांच्या कानावर घालायची जबाबदारी माझी."

त्या शब्दावर बाकीचे आठ जण कबूल झाले.

कोर्टात शेठ उठले. त्यांनी हातातला निकालाचा कागद उघडला. "दोषी," एवढंच बोलून ते मटकन बसले. पिंजऱ्यातल्या तुळसाने डोळे मिटले. जज्जसाहेबांनी टाक दौतीत बुडवला.

मास्तर उभे राहिले.

"मास्तर, हा तुमचा वर्ग नाही," जज्जसाहेब म्हणाले. "बसा."

"निकाल अर्धाच वाचलाय, साहेब. पुरा होईपर्यंत बसणार नाही."

शिपाई पुढे आला. मास्तर हलले नाहीत. जज्जसाहेबांनी शिपायाला हातानेच थांबवलं आणि टाक खाली ठेवला.

"फोरमन, कागद पुरा वाचा."

शेठनी शिफारस वाचली. ती संपल्यावरच मास्तर बसले.