कुंडी हलवू नका

बापलेकांत चार वर्षं अबोला. तरी गेल्या महिन्यात लेकाने बापाच्या मनीप्लांटसाठी शेवाळ गुंडाळलेली मॉस स्टिक पाठवली आणि दुकानाच्या माणसाकडून वेल तिला बांधून घेतला. शिवाय घर सांभाळणाऱ्या मावशींना फोनवर बजावलं, “कुंडी अजिबात हलवू नका.”

पण पानं एकाच अंगाला, खिडकीकडे झुकायला लागली. आज, हल्ली रोज बसतात तसे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाबा जेवायला बसले, तेव्हा मावशींनी कुंडी अर्धी फिरवली. दोन मिनिटांत मावशींच्या मोबाईलवर लेकाचा फोन आला.

“मावशी, कुंडी फिरवलीत का?”

याला कसं कळलं? त्यांनी शेवाळात बोटं घातली, तर आत बटणाएवढा कॅमेरा. फोन घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दातओठ खात, पण हळू आवाजात म्हणाल्या, “बारा वर्षं या घरात राबतेय. आता माझ्यावर पाळत?”

“तुमच्यावर नाही हो. बाबा माझा फोन घेत नाहीत. जेवताना दिसतात, तेवढेच.”

बाबांचा राग मावशींना ठाऊक होता. कळलं तर झाडासकट सगळं खिडकीबाहेर जाईल. त्या पाय न वाजवता बाहेर आल्या.

बाबांनी ताटावरून मान वर केली नाही.



“मावशी, कुंडी होती तशी ठेवा. त्याला मी दिसत नसेन.”