थोडी कमी

कोट्टयमच्या आमच्या प्रार्थनाघरात बायबलातल्या अवघड ओळी सोडवाव्यात त्या चाक्को उपदेशकांनीच. त्या रविवारी त्यांचा थोरला मुलगा कुरुविळा वडिलांना प्रश्न विचारायला उभा राहिला. पहाटे उठून चिकासाठी रबराची झाडं चिरायची त्याने, आणि घर उपदेशकांनी नुकतंच केलं होतं कुवेतला असलेल्या धाकट्या मुलाच्या नावावर.

"अप्पच्चा, देव प्रीती आहे ना? मग दोन भावांत धाकट्या याकोबावर मी प्रीती केली, थोरल्या एसावाचा द्वेष केला, असं तोच कसं म्हणतो?"

उपदेशकांनी चष्मा वर सरकवला.

"अरे मूर्खा, तिथे द्वेष म्हणजे थोडी कमी प्रीती. जुनी भाषा आहे ती."

"थोडी कमी?"

"अगदी थोडी रे."

"हा अर्थ कुठल्यातरी याकोबाने लावलेला दिसतोय, अप्पच्चा. एसावाला कुणी विचारलंच नाही."