घोटभर चहा

कासिमाली म्हातारबुवांचा प्याला पुन्हा परत आला. बेगिमायने समोवाराची, चहाच्या बंबाची, तोटी फिरवली, घोटभर चहा ओतला आणि छातीवर हात ठेवून प्याला पुढे केला. घोटभरच. सुनेने पाहुण्याला चहा असाच द्यायचा असतो. प्याला पटकन रिकामा होतो, परत येतो, आणि आपण या घराला हवे आहोत हे पाहुण्याला दर खेपेला नव्याने कळतं. काठोकाठ भरून दिला तर अर्थ एकच: प्या आणि चालू लागा.

सकाळी घरचे सगळे इसिक-कुल सरोवराच्या काठावर उतरले तेव्हा जर्दाळू फुलले होते आणि पाणी ताटासारखं सपाट होतं. बेगिमाय याच काठावरची, कोळ्याची लेक. लग्न होऊन डोंगरापलीकडे गेली, तेव्हापासून तीन वर्षांत वल्ह्याला हात लागला नव्हता. आज होडी नक्की, असं नवऱ्याने, मेलिसने, कबूल केलं होतं. परवा कळप घेऊन वरच्या कुरणांवर जायचं, म्हणजे आज हुकलं की गेलं थेट पुढच्या वसंतावर.

पण सतरंजी अंथरतानाच सासऱ्यांना पलीकडच्या झाडाखाली कासिमाली दिसले. “या की, घोटभर चहा घ्या!” झालं. त्या घोटाला आता चार तास होत आले होते.

“मग डॉक्टर म्हणाला, असला खडा मी जन्मात पाहिला नाही,” कासिमाली सांगत होते. पित्ताशयाचं ऑपरेशन कालपासून सुरू असावं असं वाटत होतं. मध्येच त्यांना सरोवराची आठवण झाली. “असं पाणी जगात नाही हो,” ते पाण्याकडे पाठ करून म्हणाले, आणि प्याला परत केला.

“अहो, होडी,” बेगिमाय नवऱ्याच्या कानाशी लागली.

“जाऊ गं. म्हातारा उठू दे.”

“तो उठायचा नाही.”

“मग काय हाकलून देऊ?”

तिने तोटी फिरवली. दूर पश्चिमेला पाण्यावर एक काळी रेघ उमटली होती. वारा. काठावर जन्मलेल्या माणसाला ती रेघ कुणी दाखवावी लागत नाही. अजून अर्धा तास. फार तर. रेघेवरची नजर न काढताच तिने प्याला पुढे केला, आणि चहाने बोटं पोळली तेव्हा कुठे खाली पाहिलं. तोवर प्याला म्हातारबुवांच्या हातात गेला होता. काठोकाठ.

ऑपरेशन थांबलं. कासिमालींनी प्याला न सांडता खाली ठेवला.

“बरं,” ते म्हणाले. “निघतो मी.”

“छे छे, बसा हो!” सासरे लालबुंद झाले. सासूने चटकन सावरून घेतलं. “चुकून झालं ना गं, पोरी? लक्ष नव्हतं तुझं.”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. खरं तेच होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. म्हातारबुवा बसले असते, समोवारात नवे निखारे पडले असते, तळलेले बोरसोक पुन्हा ताटात आले असते आणि तो खडा पहिल्यापासून सुरू झाला असता. बेगिमायला संताप आवरेना.

“नाही, एने,” ती सासूला म्हणाली. “चुकून नाही.”

कासिमालींनी हात उघडून चार शब्दांत दुवा उरकली, तोंडावरून तळवे फिरवले आणि काठी उचलली. सासरे विनवण्या करत त्यांच्या मागे धावले. “नाक कापलंस आमचं,” मेलिस म्हणाला. ती ऐकायला थांबली नाही.

नावाडी शेवटची होडी वाळूवर ओढत होता.

“एकच फेरी, दादा. वल्हवेन मी.”

“वारा दिसत नाही का तुला?”

दिसत होता. त्याचं बरोबर आहे हेही कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. ती वाळूवरच्या होडीत चढून बसली आणि मोठ्याने रडली.

थोड्या वेळाने सासू आली. आता शिव्या पडणार म्हणून बेगिमायने डोळे पुसले.

“खोटं का बोललीस?” सासूने विचारलं. “मी बघत होते. चुकूनच झालं होतं.”

लाटा आता होडीच्या टोकापर्यंत येत होत्या.

“एने, तुम्ही कधी बसलात होडीत?”

“मी?” सासूला हसूच आलं. “मग चहा कोण ओतणार होतं?”