सांध्यावरची हिरवी रेघ

गेलेल्यांचे दगड ठेवतात त्या शिळाघरातल्या काचेमागे रेवतीची राख दाबून केलेला पांढरा दगड गावच्या काळ्या दगडाला जोडून तापत ठेवला होता. दोन्हींच्या सांध्यावर एक हिरवी रेघ उगवते आणि दरसाल जेमतेम नखभर वाढते. पांढरा दगड सगळा हिरवा व्हायला तीस वर्षं लागतात. तोवर माणूस पुरतं गेलं नाही, असं आता सगळेच मानत.

वत्सलाबाई दर महिन्याला लेकीला, रेवतीला, बघायला येत. आज त्या काचेपाशी वाकल्या. वर्षही झालं नव्हतं, आणि पांढरं काहीच उरलं नव्हतं.

"आत पाणी शिरलंय, काकू," तिथली तंत्रज्ञ नाझनीन हळूच म्हणाली. "अणू दगडातल्या कणांच्या सीमांवरून पलीकडे जातात. सीमा कोरडी असली तर रांगतात, ओली असली तर धावत सुटतात. दगड काचेमागे बंद करण्यापूर्वी कुणी पाणी घातलं होतं का?"

वत्सलाबाईंचे यजमान दिगंबरराव मागून पुढे आले.

"मी घातलं, ओंजळभर," ते बायकोला म्हणाले. "गेलेल्याला पाणी देतात ना. इथे भटजी नाहीत, मंत्र नाहीत. म्हटलं, निदान तेवढं तरी."

"मला तीस वर्षं हवी होती हो."

"ठाऊक आहे मला."

नाझनीनने दगड बाहेर काढून निवत ठेवला आणि मग वत्सलाबाईंच्या हातात दिला.

"शेवटी डॉक्टरांनी तिला पाणी बंद केलं होतं," त्या म्हणाल्या. "सारखी मागत होती."

दिगंबररावांनी मान हलवली.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या, आणि दगड त्यांच्यापुढे धरला. "घ्या. सांभाळून, अजून गरम आहे."