पलीकडचा रोग

"रोग पलीकडूनच आलाय," दत्ताजीराव म्हणाले आणि त्यांनी काठी रस्त्याकडे रोखली.

रस्त्यापलीकडे दुसरं राज्य होतं. देवास गाव एक, राजे दोन, आणि हद्द भर रस्त्यातून गेलेली. दत्ताजीराव अलीकडच्या पातीचे, म्हणजे अलीकडच्या राज्याचे, कारभारी. त्यांच्या मिशा अशा, की रस्त्याच्या मधोमध उभे राहिले तर एक टोक स्वराज्यात आणि दुसरं परमुलखात जाई. म्हणून ते मधोमध कधी उभेच राहत नसत.

आज ते दरबारच्या डुकरखान्याच्या दारात उभे होते. साहेबलोकांच्या मेजवान्यांसाठी पाळलेली डुकरं पटापट मरत होती. मेलेल्यांच्या अंगावर लाल चौकटी उठलेल्या, जणू कुणी सोंगट्यांचा पट छापलाय. पलीकडच्या कडेला बघे जमले होते आणि चणे खात होते.

"या गेंदीनं पलीकडची डुकरं आत येऊ दिली," दत्ताजीराव शिपायांना म्हणाले. "उरलेली मारा, हिची झोपडी जाळा, आणि हिला घाला हद्दीबाहेर."

"हद्दीबाहेर म्हणजे आमच्याकडंच ना, भिया?" पलीकडून कुणीतरी ओरडलं. "आमच्याकडे नको हां!"

गेंदी डुकरं राखायची. तिची झोपडी डुकरखान्याच्या भिंतीला टेकलेली होती. ती एका आजारी डुकरिणीच्या कानामागे खाजवत तशीच बसून राहिली.

जनावरांचे डॉक्टर माधवराव पालथ्या टोपलीवर सूक्ष्मदर्शक मांडून, आरशात ऊन धरत होते.

"आटपा, डॉक्टर. जंतू दिसले ना?"

"जंतू पुष्कळ, रावसाहेब. डुकराच्या पोटात जंतूंचं अख्खं देवास वसलेलं असतं. बहुतेक सगळे सज्जन. आपापल्या पातीत गुण्यागोविंदानं राहतात."

पलीकडे हशा पिकला.

"मारणारे ते हे. बारीक, काडीसारखे," माधवराव म्हणाले. "मेलेल्या डुकराच्या प्लीहेत आहेत, आणि यांच्या खाण्याच्या डोणीतल्या या तुकड्यातही आहेत." त्यांनी चिमट्यात एक पिवळट, चिवट साल उचलून धरली. "डुकराचीच कातडी. खारवून, धुरी देऊन टिकवलेलं विलायती मांस. मिठानं हे जंतू मरत नाहीत, महिनोन्‌महिने दबा धरून राहतात. कुणीतरी मांस खाल्लं, साल खरकट्यात टाकली, आणि खरकटं आलं इथं."

"पाळीव डुक्कर खाल्लं?" दत्ताजीराव थुंकले. "आमच्या घराण्यात भाल्यानं मारलेलं रानडुक्कर तेवढं चालतं. असले धंदे पलीकडचेच!"

आवाज चढला होता, पण मिशीचं टोक उगाच थरथरलं.

तेवढ्यात विठोबा आला. विठोबा दत्ताजीरावांचा आचारी, रोज सकाळी घरातल्या खरकट्याची बादली इथं आणून ओतायचा. त्याला पाहताच उभी राहू शकत होती तेवढी डुकरं किंचाळत धावली. विठोबाला ऐकू कमी यायचं, म्हणून तो सगळ्या जगाशी ओरडूनच बोलायचा.

"बरे भेटलात, रावसाहेब! घरून बाईसाहेब विचारतात, महूच्या गोऱ्यांच्या छावणीतली ती डुकराची मांडी काल संपली. आजच्या टांग्यानं दुसरी मागवू का?"

बादलीत वरच, भाताच्या शितांत माखलेली, तसलीच साल होती.

पलीकडचे चणे थांबले. कुणी हसलं नाही. कुणी दत्ताजीरावांकडे पाहिलंही नाही. शिपाई आभाळाकडे बघू लागले. माधवराव पुसलेली काच पुन्हा पुसू लागले. हसले असते तर बरं, असं दत्ताजीरावांना वाटलं. हसणाऱ्यावर काठी तरी उगारता आली असती.

गेंदी उठली. विठोबाच्या हातातून तिनं बादली घेतली, लोकांकडे पाठ केली आणि बादलीवर पदर ओढला.

"पेली तरफ से ई आयो होगो, हुकुम," ती खाली मान घालून पुटपुटली. "म्हूँ चली जऊँ."

रोग पलीकडूनच आला असेल, असं तीच म्हणत होती; आता नुसतं 'हूं' म्हटलं तरी पुरलं असतं. दत्ताजीरावांनी तोंड उघडलं. कान पेटल्यासारखे झाले होते. गेंदीच्या पदराखालून बादलीतलं पाणी तिच्याच पायांवर ठिबकत होतं, आणि ती पाय मागे घेत नव्हती.

"हिच्या झोपडीला हात लावू नका," ते शिपायांना म्हणाले. मग गेंदीकडे वळले. "पदर काढ, बाई."

तिनं काढला. त्यांनी काठी खाली टाकली, बादलीत मनगटापर्यंत हात घातला, ती साल शोधून काढली आणि नेऊन डॉक्टरांच्या काचेवर ठेवली.

"तपासा," दत्ताजीराव म्हणाले. "आणि काय दिसतं ते मोठ्यानं सांगा, डॉक्टर. पलीकडे ऐकू गेलं पाहिजे."